'कमिट' आणि 'कमिटमेंट': इंग्रजीतला अर्थ कसा ओळखावा, वापर कसा करावा

मराठी बोलण्यात 'कमिटमेंट' हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचा इंग्रजीतला अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असे आपण गृहीत धरतो. कंत्राटदार 'शनिवारची कमिटमेंट दिली आहे' असे सांगतो, दुकानदार 'कंपनीने माल कमिट केला होता' अशी तक्रार करतो आणि महाविद्यालयातली मुले एखाद्याबद्दल 'तो कमिटेड आहे' एवढेच म्हणून विषय संपवतात. मराठी वाक्ये म्हणून या तिन्हींत काहीही चूक नाही. अडचण येते ती तोच आशय इंग्रजीत लिहिताना. नोकरीचा अर्ज, ग्राहकाला पाठवायचा ई-मेल, शिष्यवृत्तीसाठीचे निवेदन किंवा करारनामा लिहिताना हा शब्द भलत्याच रचनेत येऊन बसतो, आणि त्याचा परिणाम व्याकरणापुरता राहत नाही. कधी न दिलेला शब्द दिल्यासारखा होतो, तर कधी ठाम ग्वाही द्यायची असतानाही वाक्य पोकळ राहते. म्हणून या शब्दाचे निरनिराळे अर्थ एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे आधी पाहू आणि मग लिहिताना कोणती काळजी घ्यावी याकडे वळू.

मूळ अर्थ सोपवण्याचा

'कमिट' हे क्रियापद लॅटिनमधल्या 'कोम्मित्तेरे' या क्रियापदापासून आले आहे. त्यातील 'मित्तेरे' म्हणजे धाडणे किंवा सोडणे. मिशन, सबमिट, ॲडमिट, परमिट, ट्रान्समिट हे सगळे शब्द त्याच मुळाचे आहेत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा मुख्य अर्थ 'एखाद्याच्या हवाली करणे, सोपवणे' असा होता. 'वचन देणे' हा अर्थ बराच नंतरचा आहे. जुना अर्थ आजही जिवंत आहे आणि तो ध्यानात घेतला की पुढचे बरेचसे कोडे आपोआप सुटते.

या अर्थाचे अगदी जवळचे उदाहरण आपल्या न्यायालयांत सापडते. खुनासारखा गुन्हा केवळ सत्र न्यायालयातच चालवता येतो. त्यामुळे असे प्रकरण दंडाधिकाऱ्यांसमोर आले की आवश्यक ती कागदपत्रे आरोपीला देऊन ते प्रकरण त्यांना सत्र न्यायालयाकडे पाठवावे लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०९ मध्ये, आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३२ मध्ये, या कृतीला 'कमिटमेंट ऑफ केस' असेच म्हटले आहे. मराठीत आपण 'खटला सत्र न्यायालयाकडे सुपूर्द केला' असे म्हणतो. इथे कोणी कोणाला वचन दिलेले नाही. एक गोष्ट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली आणि आता तिच्यावर पहिल्याचा अधिकार राहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हीच कल्पना इतर अनेक वाक्प्रयोगांत दिसते. 'कमिट टू मेमरी' म्हणजे मुखोद्गत करणे, मजकूर स्मृतीच्या स्वाधीन करणे. 'कमिट टू पेपर' म्हणजे कागदावर उतरवणे. 'कमिट टू द फ्लेम्स' म्हणजे अग्नीच्या स्वाधीन करणे. 'कमिट टू प्रिझन' म्हणजे तुरुंगात पाठवणे. 'कमिटी' हा शब्दही याच कुळातला आहे. एखादे काम ज्याच्याकडे सोपवले आहे असा माणूस, आणि पुढे अशा माणसांचा गट, असा त्याचा प्रवास झाला. एखादी समिती नेमली जाते, तेव्हा प्रश्न मुख्य सभेच्या हातून समितीच्या हाती जातो, आणि सभा सहसा समितीच्या अहवालाची वाट पाहते.

आता 'स्वतःला' सोपवण्याची कल्पना केली की आधुनिक अर्थ समोर येतो. 'शी कमिटेड हरसेल्फ टू द मूव्हमेंट' या वाक्यात त्या स्त्रीने स्वतःलाच चळवळीच्या हवाली केले आहे. तिथून परतण्याची वाट तिने स्वतःच अरुंद केली आहे. क्रिकेटचे इंग्रजी समालोचक 'फलंदाज फ्रंट फूटवर फार लवकर कमिट झाला' असे म्हणतात तेही याच अर्थाने: पाय पुढे पडला, वजन त्यावर गेले, आता चेंडू आखूड टप्प्याचा निघाला तरी मागे येता येत नाही. 'प्रॉमिस' या शब्दात ही परतीची वाट बंद होण्याची छटा नाही. तिथे तोंडून शब्द निघालेला असतो, 'कमिट'मध्ये पाऊल पडलेले असते.

गुन्ह्यांसाठीचा 'कमिट'

'कमिट अ क्राइम', 'कमिट मर्डर', 'कमिट फ्रॉड', 'कमिट अ सिन' या प्रयोगांत 'कमिट'चा अर्थ केवळ 'करणे' असा होतो, आणि गुन्हा करण्याचा हा अर्थ लॅटिनमध्येही होताच. इथे लक्षात ठेवण्यासारखे एवढेच की या अर्थाने 'कमिट' फक्त वाईट कृत्यांबरोबर येते. सत्कृत्य 'कमिट' करता येत नाही. 'ही कमिटेड अ काइंड ॲक्ट' असे लिहिल्यास वाचणारा गोंधळतो. चुकीबद्दल बोलताना आपल्याकडे 'आय कमिटेड अ मिस्टेक' हे वाक्य फार ऐकू येते. ते अगदीच चुकीचे नाही, परंतु रोजच्या इंग्रजीत 'मेड अ मिस्टेक' हेच स्वाभाविक आहे. 'कमिट ॲन एरर' हा प्रयोग औपचारिक लिखाणात, विशेषतः न्यायालयीन निकालांत शोभतो.

आत्महत्येच्या संदर्भात हे क्रियापद टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन. 'कमिट सुइसाइड' हा प्रयोग ज्या काळात रूढ झाला त्या काळात इंग्लंडमध्ये आत्महत्या हा गुन्हा होता. १९६१ च्या सुइसाइड ॲक्टने तो गुन्हा राहिला नाही, पण शब्दांतला गुन्ह्याचा वास मात्र तसाच राहिला. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्याची भूमिका घेतली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतील, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम ३०९ जसेच्या तसे घेतलेले नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत बातमीदारांना हा प्रयोग टाळण्यास सांगितले. त्याऐवजी 'डाइड बाय सुइसाइड' किंवा 'टुक हिज ओन लाइफ' असे लिहावे. ज्या घरात अशी घटना घडली आहे त्या घरातले लोकही आपण लिहिलेले वाचतात, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

वाक्यात कसे बसवावे

आता मुख्य भागाकडे येऊ. मराठी माणसाच्या इंग्रजीत 'कमिट'बाबत ज्या चुका होतात त्यांतल्या बहुतेक मराठी वाक्यरचना तशीच इंग्रजीत नेल्यामुळे होतात.

पहिली आणि सर्वांत अधिक दिसणारी चूक म्हणजे 'टू' गाळणे. 'तारीख कमिट करता येणार नाही' या मराठी वाक्यात तारीख हे कर्म आहे, म्हणून आपण 'वी कॅनॉट कमिट द डेट' असे लिहून जातो. इंग्रजीत तारीख ही आपण बांधून घेण्याची जागा आहे. म्हणून 'वी कॅनॉट कमिट टू अ डेट' असे हवे. 'टू'शिवाय थेट कर्म घ्यायचे झाले तर ते कर्म म्हणजे जी गोष्ट आपण गुंतवतो ती असते: पैसा, वेळ, मनुष्यबळ, सैन्य. 'द स्टेट कमिटेड फंड्स टू द प्रोजेक्ट' हे वाक्य बरोबर आहे, कारण निधी सोपवला गेला आणि प्रकल्पाकडे सोपवला गेला.

दुसरी चूक माणसाला कर्म करण्याची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. 'त्याने मला कमिट केलं होतं की पैसे देईन' हे वाक्य अनेकजण 'ही कमिटेड मी दॅट ही वुड पे' असे लिहितात. 'कमिट'नंतर 'दॅट' घेऊन उपवाक्य जोडता येत नाही. तिथे 'ही प्रॉमिस्ड मी दॅट ही वुड पे' किंवा 'ही अश्युअर्ड मी' असे लिहावे. शिवाय 'ही कमिटेड मी' या शब्दांचा इंग्रजीत भलताच अर्थ होतो. 'माय मॅनेजर कमिटेड मी टू द वीकेंड शिफ्ट' म्हणजे साहेबांनी मला न विचारता माझ्या वतीने शनिवार-रविवारची पाळी कबूल करून टाकली. आणि पुढे 'टू' काहीच नसेल, नुसते 'हिज फॅमिली कमिटेड हिम' असे वाक्य असेल, तर इंग्रजी वाचक त्याचा अर्थ घरच्यांनी त्याला मनोरुग्णालयात दाखल केले असा घेईल. एखाद्या तक्रारअर्जात 'द एजंट कमिटेड मी' असे लिहिणाऱ्याच्या मनात यातले काहीच नसते.

तिसरी गोष्ट 'टू'च्या पुढे काय यावे याची. 'आय ॲम कमिटेड टू लर्न' की 'आय ॲम कमिटेड टू लर्निंग'? 'कमिटेड' हे विशेषण असताना त्यानंतरचा 'टू' शब्दयोगी अव्ययासारखा आहे, म्हणजे मराठीतल्या 'ला' किंवा 'शी'सारखा. त्यापुढे नाम येते आणि क्रियापद आणायचे असेल तर ते 'इंग'कारान्त नामासारखे करून आणावे लागते. 'कमिटेड टू एज्युकेशन', 'कमिटेड टू टीचिंग', 'कमिटेड टू इम्प्रूव्हिंग द सर्व्हिस'. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' या वाक्यातला 'टू' असाच आहे; तिथे आपण 'टू मीट' लिहिण्याची चूक करतो तीच इथेही करतो. क्रियापद म्हणून 'कमिट' वापरताना, विशेषतः 'दे कमिटेड देमसेल्व्ज टू रिड्यूस...' अशा औपचारिक वाक्यात, साधे क्रियापदही चालते. पण नव्याने शिकणाऱ्याने सर्वत्र 'इंग'कारान्त रूपच वापरावे, कारण ते कुठेही चुकत नाही.

नाम म्हणून 'कमिटमेंट' वापरताना ती मोजता येणारी आहे की न मोजता येणारी, हे पाहावे. 'हर कमिटमेंट टू नर्सिंग' यात ती निष्ठा आहे, झोकून देणे आहे. तिचे अनेकवचन होत नाही. 'फॅमिली कमिटमेंट्स' यात मात्र त्या पार पाडायच्या जबाबदाऱ्या आहेत: मुलांची शाळा, आईचे औषधपाणी, गावचे कार्य. एखादे निमंत्रण नाकारायचे असेल तर 'आय हॅव अ प्रायर कमिटमेंट' हे वाक्य अगदी सभ्य आहे. त्यात कारण सांगावे लागत नाही आणि खोटेही बोलावे लागत नाही.

आणि मराठीत आपण कमिटमेंट 'देतो', इंग्रजीत ती 'मेक' करतात. 'वी मेड अ कमिटमेंट'. ती पाळणे म्हणजे 'ऑनर' किंवा 'मीट अ कमिटमेंट'. 'कीप' हे क्रियापद 'प्रॉमिस'शी अधिक जुळते. ती मोडणे म्हणजे 'गो बॅक ऑन अ कमिटमेंट'. हे शब्दांचे साहचर्य तर्काने काढता येत नाही, ते वाचून आणि ऐकूनच अंगवळणी पडते. इंग्रजी वर्तमानपत्राचे अग्रलेखांचे पान रोज वाचणाऱ्याला ते लवकर साधते.

'कमिटेड' या विशेषणाचा प्रेमसंबंधाविषयीचा वापर भारतीय इंग्रजीत फार पसरला आहे. आपल्याकडे 'ही इज कमिटेड' म्हटले की ऐकणारा समजतो. बाहेरच्या देशांत मात्र 'ही इज इन अ रिलेशनशिप' किंवा संबंध दीर्घकाळाचा असेल तर 'इन अ कमिटेड रिलेशनशिप' असे म्हणतात. नुसत्या 'कमिटेड'वर तिथला श्रोता 'कशाला?' असे विचारील. साखरपुडा झालेला असेल तर 'एंगेज्ड'.

अर्जात आणि ई-मेलमध्ये

नोकरीच्या अर्जांत हा शब्द सर्वांत स्वस्त झाला आहे. नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ: 'आय ॲम अ कमिटेड पर्सन अँड आय कमिट टू गिव्ह माय हंड्रेड पर्सेंट.' व्याकरण बाजूला ठेवले तरी यातून वाचणाऱ्याच्या हाती काय लागते? माणूस कशाशी बांधला गेला आहे हे वाक्यात नाही, आणि बांधला गेल्याचा पुरावाही नाही. हेच वाक्य असे लिहून पाहावे: 'आय ॲम कमिटेड टू टीचिंग सायन्स इन मराठी-मीडियम स्कूल्स अँड हॅव डन सो इन सातारा डिस्ट्रिक्ट फॉर फाइव्ह इयर्स.' आता 'टू'च्या पुढे ठोस काम आले आणि पाच वर्षांचा उल्लेख त्या शब्दाला जामीन राहिला. माझ्या मते अर्जात 'कमिटेड' हा शब्द एकदाच यावा आणि त्याच्या पाठोपाठ केलेल्या कामाची नोंद यावी. नोंद देता येत नसेल तर तो शब्दही गाळावा.

ई-मेलमध्ये अडचण उलट आहे. तिथे हा शब्द फार जड पडतो. काम केव्हा पूर्ण होईल हे ग्राहकाला कळवताना 'वी होप टू', 'वी एम टू', 'वी प्लॅन टू', 'वी एक्सपेक्ट टू' आणि 'वी कमिट टू' अशी एक चढती श्रेणी आहे. पहिल्या दोन्हींत इच्छा आहे, पुढच्या दोन्हींत अंदाज आहे आणि शेवटच्यात बंधन आहे. 'वी कमिट टू डिलिव्हरिंग द फर्स्ट मॉड्यूल बाय फ्रायडे' असे लिहून शुक्रवार चुकला तर ग्राहक ते वाक्य पुढे करून नुकसानभरपाईचे बोलणे सुरू करू शकतो, आणि त्याला अन्यायाचे म्हणता येणार नाही. म्हणून ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्यांच्यासाठीच 'कमिट' वापरावे आणि ज्या दुसऱ्यावर अवलंबून आहेत त्यांच्यासाठी अट वाक्यातच घालावी: 'प्रोव्हायडेड वी रिसीव्ह द डेटा बाय मंडे'. ज्याला अजिबात बांधून घ्यायचे नाही असा माणूस जे गुळमुळीत उत्तर देतो त्याला इंग्रजीत 'नॉन-कमिटल' म्हणतात, आणि तो दोषच आहे असे नाही. माहिती अपुरी असताना असे उत्तर देणेच प्रामाणिकपणाचे असते.

शेजारचे शब्द, आणि एका शब्दासाठी अडलेली परिषद

'प्रॉमिस', 'प्लेज', 'अश्युरन्स', 'अंडरटेकिंग', 'गॅरंटी' हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी घालून चालत नाहीत. 'प्रॉमिस' माणसाने माणसाला दिलेला शब्द आहे. 'प्लेज' जाहीर असते. देणगीची रक्कम जाहीर करणे किंवा शाळेतली प्रतिज्ञा ही त्याची उदाहरणे. 'गॅरंटी' ही परिणामाची हमी आहे. 'अश्युरन्स' म्हणजे आश्वासन, आणि संसदीय कामकाजात या शब्दाला स्वतःचे वजन आहे: मंत्री सभागृहात 'याचा विचार करू' असे म्हणतात तेव्हा त्या शब्दांचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी लोकसभेने १९५३ मध्ये शासकीय आश्वासनांसंबंधी समिती स्थापन केली, आणि असे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. महाराष्ट्र विधिमंडळातही अशी आश्वासन समिती आहे. 'अंडरटेकिंग' म्हणजे हमीपत्र. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी भरून द्यायचे हमीपत्र सगळ्यांच्या ओळखीचे असते, पण न्यायालयाला दिलेले हमीपत्र जाणूनबुजून मोडणे हा १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार दिवाणी अवमान ठरतो. म्हणून वकिलाने तयार केलेल्या मसुद्यात 'अंडरटेक्स' असे क्रियापद दिसले तर सही करण्यापूर्वी थांबावे.

'कमिटमेंट' या शब्दाचे वजन किती असू शकते हे हवामानबदलाच्या वाटाघाटींत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामानविषयक आराखडा-कराराच्या चौथ्या कलमाचे शीर्षकच 'कमिटमेंट्स' असे आहे. १९९७ च्या क्योटो करारात विकसित देशांवर उत्सर्जन कमी करण्याची बंधनकारक उद्दिष्टे घालण्यात आली आणि २००८ ते २०१२ या पाच वर्षांना 'फर्स्ट कमिटमेंट पीरिअड' असे नाव मिळाले. त्यामुळे या वाटाघाटींच्या भाषेत 'कमिटमेंट' म्हणजे बंधनकारक जबाबदारी, असा अर्थ पक्का झाला होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सा येथे एकोणिसावी हवामान परिषद भरली, तेव्हा २०१५ मध्ये होऊ घातलेल्या नव्या करारासाठी सर्व देशांनी आपापल्या 'कमिटमेंट्स' तयार कराव्यात असा मजकूर पुढे आला. भारत आणि चीन यांनी या शब्दालाच आक्षेप घेतला. विकसनशील देशांना श्रीमंत देशांच्या पंक्तीत बसवून तेच बंधन घालणारा हा शब्द आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परिषद ठरलेल्या दिवशी संपली नाही, दुसऱ्या दिवसावर गेली, आणि शेवटी 'कमिटमेंट्स'च्या जागी 'कॉन्ट्रिब्यूशन्स', म्हणजे योगदान, हा शब्द घालून मार्ग काढण्यात आला. आज भारतासह त्या नव्या करारातले देश जी उद्दिष्टे सादर करतात त्यांना 'नॅशनली डिटरमाइन्ड कॉन्ट्रिब्यूशन्स' म्हणतात ते या तडजोडीमुळेच.

पुढे १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये याच तऱ्हेचा प्रसंग पुन्हा आला. विकसित देशांनी अर्थव्यवस्थाव्यापी उत्सर्जनकपातीत पुढाकार घ्यावा असे सांगणाऱ्या वाक्यात 'शॅल' असा शब्द छापला गेला होता. 'शॅल' राहिला असता तर ते कायदेशीर बंधन ठरले असते आणि अमेरिकेला करार सिनेटपुढे न्यावा लागण्याची शक्यता होती. 'शॅल'च्या जागी 'शुड' करण्यात आले, ती दुरुस्ती इतर तांत्रिक दुरुस्त्यांबरोबर वाचून दाखवण्यात आली आणि मग करार संमत झाला. इंग्रजी करारनामा वाचताना 'कमिट्स', 'शॅल', 'विल', 'शुड' आणि 'एंडेव्हर्स टू' हे शब्द अधोरेखित करत जावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते याचसाठी. कोणी किती बांधून घेतले आहे ते त्यांतून एका दृष्टिक्षेपात दिसते.

संगणक आणि हिशेब

पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत 'कमिट' दिवसभर कानावर पडतो. डेटाबेसमध्ये एका खात्यातून पाच हजार रुपये वजा होणे आणि दुसऱ्या खात्यात ते जमा होणे या दोन्ही क्रिया मिळून एक व्यवहार असतो. 'कमिट' ही आज्ञा दिली जाईपर्यंत दोन्ही बदल मागे घेता येतात, त्याला 'रोलबॅक' म्हणतात. 'कमिट' झाला की तो व्यवहार कायम झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' या प्रणालीत 'कमिट' म्हणजे आज्ञावलीतल्या बदलांची नोंदवलेली अवस्था. मात्र ती नोंद आपल्याच संगणकावर होते, 'पुश' केल्याशिवाय सहकाऱ्यांना दिसत नाही. 'मी कमिट केलंय' आणि 'मला दिसत नाही' हा संवाद इथूनच निर्माण होतो. कमिटसोबत लिहायचा संदेश आज्ञार्थी असावा असा संकेत आहे: 'फिक्स लॉगिन एरर' असे लिहावे, 'फिक्स्ड' नव्हे. पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आसपास ठेवून तिच्याखाली एक ओळ मोकळी सोडावी आणि मग तपशील लिहावा.

बँकेत 'कमिटमेंट चार्ज' म्हणजे मंजूर झालेल्या पण न उचललेल्या कर्जरकमेवरचे शुल्क, कारण तेवढा पैसा बँकेने आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो. कंपन्यांच्या ताळेबंदाच्या टिपणांत 'कंटिंजंट लायबिलिटीज अँड कमिटमेंट्स' असे शीर्षक येते. त्यातील 'कमिटमेंट्स' म्हणजे अद्याप न झालेला, पण करारामुळे पुढे करावा लागणारा खर्च. राज्याच्या अर्थसंकल्पावरील चर्चेतला 'कमिटेड एक्स्पेंडिचर' म्हणजे वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज, जे कोणतेही सरकार आले तरी द्यावेच लागते.

मराठीत काय म्हणावे

भाषांतर करताना एकच प्रतिशब्द सगळीकडे चिकटवू नये. मूल्याशी किंवा विचाराशी नाते असेल तर 'बांधिलकी' हा शब्द नेमका आहे. साहित्याच्या सामाजिक बांधिलकीविषयी मराठीत झालेल्या चर्चांनी त्याला चांगली घडण दिली आहे. संस्थेच्या किंवा शासनाच्या निवेदनात 'वचनबद्ध' आणि 'कटिबद्ध' येतात, परंतु 'कटिबद्ध' म्हणजे कंबर कसलेला. त्यात तयारी आहे, बंधन नाही, म्हणून कायदेशीर मजकुरात तो वापरू नये. तिथे 'बांधील' हा शब्द हवा. माणसाच्या कामातल्या सातत्याबद्दल बोलायचे तर 'निष्ठा', आणि खटला, कैदी किंवा कागदपत्रे यांच्याबाबत 'सुपूर्द' किंवा 'हवाली'. बोलताना 'शब्द दिला आहे' यासारखे दुसरे चांगले मराठी नाही, आणि तिथे इंग्रजीत बहुधा 'प्रॉमिस'च योग्य असते.

वर्णलेखन आणि उच्चार

या कुळातल्या प्रत्येक शब्दात ओनंतर एम लागोपाठ दोनदा येतो, त्यात अपवाद नाही. गोंधळ होतो तो टीचा. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की टी दुप्पट होतो: कमिटेड, कमिटिंग, कमिटल, कमिटी. व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय आला की टी एकच राहतो: कमिट्स, कमिटमेंट. 'कमिटमेंट'मध्ये दोन टी लिहिणे ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. 'कमिटी'त एम, टी आणि ई तिन्ही दोनदा येतात.

टी दुप्पट होण्यामागचे कारण उच्चारात आहे. 'कमिट'मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे 'मिट'वर पडतो, आणि पहिला स्वर 'कॉ' असा ठसठशीत नसून ओझरता 'क' असतो. आघात शेवटच्या अवयवावर असलेल्या 'परमिट', 'ॲडमिट', 'सबमिट' या क्रियापदांतही टी असाच दुप्पट होतो. 'लिमिट', 'व्हिजिट', 'एडिट' यांत आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून 'लिमिटेड', 'व्हिजिटेड', 'एडिटेड' यांत टी एकच लिहावा.